दहा मीटर आणि चार बोटं

शेडचं दार उघडलं आणि सगळ्यात आधी सरकीचा वास आला. मोताळ्याच्या या जिनिंगमध्ये कापूस येणं बंद होऊन किती वर्षं झाली, ते आता नीट कुणी सांगत नाही. यंत्रं भंगारात गेली, भिंतींना कितीदा तरी चुना लागला. पण तो गोडसर, तेलकट वास विटांमध्ये मुरून बसला आहे. मी दारातच उभी राहिले आणि एक मोठा श्वास घेतला.

"मॅडम, धुळीची ॲलर्जी आहे का?" सोबतच्या साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "माहेरी आल्यासारखं वाटलं."

साहेब पुण्याहून आले होते, रायफल संघटनेच्या वतीनं रेंज तपासायला. इथं झालेल्या स्पर्धेतले गुण वरपर्यंत धरले जायचे असतील, तर संघटनेचा माणूस येऊन अंतर, उजेड, छर्रे अडवणारी भिंत असं सगळं बघून जातो. मीही आता हेच काम करते, पण आपण जिथं शिकलो त्या रेंजच्या कागदावर आपण सही करू नये, म्हणून मी नुसती सोबत आले होते. टेपचं टोक धरायला.

या शेडमध्ये मी टेपचं टोक पहिल्यांदा धरलं तेव्हा सोळा वर्षांची होते. आणि तो टेप नव्हताच.

आमचे खेळाचे सर होते, खर्चे सर. त्यांनी तरुणपणी एनसीसीत रायफल चालवली होती आणि ती त्यांच्या मनातून कधी खाली उतरलीच नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते आम्हा चार-पाच पोरींना पिंपळाखाली बसवत आणि नेमबाजीचं पुराण सांगत. आधी हा खेळ राजेरजवाड्यांचा आणि शिकारी साहेबलोकांचा होता. मग देश आपला झाला आणि देशाची एक संघटना उभी राहिली. तिनं बंदुकीला जनावरापासून वळवून कागदाकडं नेलं. मग राज्यांच्या संघटना झाल्या, जिल्ह्यांचे क्लब झाले, मोठ्या शहरांत मातीचे बांध घालून लांबच लांब रेंज झाल्या.

"पण मोठ्या रेंजले रान लागते," सर म्हणत. "एअर रायफलले काय लागते? छप्पर अन् दहा मीटर! पोट्ट्याहो, दहा मीटर तर आपल्या मोताळ्यातबी हायत."

दहा मीटर आपल्या गावातही आहेत, हे वाक्य मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

जिनिंगच्या मालकांनी शेड दिली. आम्ही ती आठ दिवस झाडत होतो. झाडू मारला की कापसाचे बारीक तंतू उठत आणि कवडशात तरंगत राहत, खाली बसायचं नावच घेत नसत. आमच्या वेण्या, भुवया सगळं पांढरं होई. संध्याकाळी आई म्हणे, "म्हातारी होऊन आली का गं?"

मग अंतर मोजायचा दिवस आला. शाळेचा लांब उडीचा टेप आणला, तर त्याचा पहिला मीटरच तुटलेला. एकवरून सुरू करायचं की शून्यावरून, यावर सर आणि आम्ही पोरी बराच वेळ भांडलो. तेवढ्यात शेजारच्या कापडदुकानातून रशीदचाचा आले. आमच्या अर्ध्या गावाच्या अंगावर त्यांच्याच दुकानातलं कापड असायचं. पांढरी दाढी, कानावर खडू आणि हातात लोखंडी मीटर.

"सर, कायले डोकं खपवता? मीटर माह्या हातात हाय ना. तीस सालं झाली, मोजून राह्यलो. रोज बाजाराएवढं कापड मोजतो, तुमची जागा मोजणं काय मोठं काम हाय!"

आणि चाचांनी शेड मोजली. भिंतीजवळ, नेम धरायचं कार्ड जिथं लागणार तिथून सुरुवात केली आणि दाराकडं सरकत आले. त्यांच्या दुकानात पहिल्या मीटरला 'एक' म्हणायची पद्धत नव्हती. पहिला मीटर म्हणजे 'बरकत'. त्या सुरात ते मोजत आले, "बरकत... दोन... तीन..." दहा झाल्यावर त्यांनी निळीत बुडवलेली सुतळी ताणली, मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. मधोमध चिमटीत धरून सोडली. फट्. फरशीवर निळी रेघ उमटली आणि सरांच्या पांढऱ्या पँटवरही.

"झाली तुमची रेंज," चाचा म्हणाले. सरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या.

त्या शेडमधले दिवस मला आवाजांनी आठवतात. कार्ड पुढं-मागं न्यायला सायकलच्या चाकाची रिम आणि दोरी होती. रिम फिरली की कुईं कुईं करायची आणि छपराखालच्या लाकडी कैचीवर बसलेली कबुतरं तिला उत्तर द्यायची. छर्रा कार्डातून पार होऊन मागच्या पत्र्यावर आपटला की 'टप्प' असा आवाज येई. मध्याला लागला की टप्प जरा भरीव येतो, असं आम्हाला पक्कं वाटायचं. सर म्हणत, असं काही नसतं. आम्ही म्हणायचो, असतं.

एकच रायफल होती, वापरलेली. तिला आम्ही पाळीपाळीनं तेल द्यायचो. एकच कोट होता, जाड कॅनव्हासचा, चाचांनी कापून दिलेला. तो कुणाच्याच मापाचा नव्हता. बाह्या आमच्या बोटांवर येत. सर म्हणाले, "चाचा, लांब झाला." चाचा म्हणाले, "पोरी वाढीच्या हायत. कपडा कमी पडला नाही पाहिजे." हिवाळ्यात तो कोट चढवला की दुसरीच्या अंगाची ऊब आत शिल्लक असायची. उन्हाळ्यात पत्रे तापत, कोटात घामाच्या धारा लागत आणि सर मडक्यातलं पाणी आमच्या डोक्यावर शिंपडून म्हणत, "श्वास अर्धा सोड. अर्धा ठेव. आता बोटाले सांग, पण घाई नको करू."

माझे बाबा भाजी विकायचे. मोताळा, धामणगाव बढे, देऊळघाट, जिथं बाजार तिथं बाबा. मारून झालेली कार्डं मी घरी आणायचे, कारण फेकवत नव्हती. बाबांनी कार्डांच्या पाठीवर कोळशानं भाव लिहून ती काडीला लावायला सुरुवात केली. वांग्यात एक, मिरच्यांत एक, मेथीत एक. प्रत्येकाच्या मधोमध भोकं.

"हे काय, उंदरानं खाल्लं का?" गिऱ्हाईक विचारी.

"नाही. माह्या पोरीनं मारलं," बाबा छाती काढून सांगत. "जेवढी भोकं मधात, तेवढी माह्यी मिरची तिखट."

बाबा शाळेत चार वर्ग गेले होते, आई एकही नाही. मला बारावीच्या पुढं शिकायचं होतं आणि घरातल्यांनाही मी शिकावं असं मनापासून वाटत होतं. पण अमरावतीला राहायची सोय नव्हती. एका कॉलेजात खेळाडूंसाठी हॉस्टेलसकट जागा होत्या. त्यासाठी राज्यस्पर्धेत पात्रतेएवढे गुण हवे होते. तेवढे पडले तर कॉलेज, नाही तर बाबांच्या शेजारी बाजारात पोतं अंथरून बसणं. त्या पोत्याची मला लाज नव्हती, आजही नाही. पण मला वाचायची भूक होती.

आणि गुण पडत नव्हते. दोन वर्षं झाली, रोज चाळीस छर्रे मारत होते. तीन कमी. चार कमी. एकदा दोनच कमी. पण कमीच. सर संघटनेचं नियमांचं पुस्तक काढून बसायचे. ते झेरॉक्स होतं, आणि सरांनी त्याला देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं लाल फडकं गुंडाळलं होतं. त्यात बघून ते माझे पाय हलवत, कोपर हलवत, मान हलवत. काही केल्या ते दोन-तीन गुण भरेनात.

"मी ढ हाय का सर?" मी एकदा विचारलं.

"काऊन असं बोलतं?" सर रागावले. मग हळूच म्हणाले, "कुठं काय चुकून राह्यलं, मलेच समजत नाही."

पुण्याला निघायच्या दिवशी चाचांनी कोटाला नवीन बटणं लावून दिली. बाबांनी पिशवीत शेंगदाणे दिले आणि वर एक मूठ टाकली. बाबा घरच्यांनाही मोजूनच देत, पण वर मूठ टाकून. आईनं माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तेल लावलं, तेवढ्या एकाच बोटाला.

पुण्याच्या रेंजवर मी दारातच थांबले. एवढा पांढरा उजेड, ओळीनं उभ्या मुली, प्रत्येकीच्या अंगावर तिच्या मापाचा कोट. मी आमचा कोट चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या. रायफल उचलली, नळीच्या टोकावरच्या कडीतून बघितलं आणि दचकून खाली ठेवली.

कार्डावरचा काळा गोळा मोठा दिसत होता. कडी आणि गोळा यांच्यामध्ये रोज पांढऱ्याचं जेवढं कडं दिसायचं, तेवढं नव्हतंच. गोळ्यानं कडी भरून टाकली होती, पोळी फुगून तव्याच्या कडेला यावी तशी.

मी हात वर केला. मागून पंच बाई आल्या.

"मॅडम, माह्यं कार्ड बदलून द्या," मी म्हणाले. "हे मोठं हाय."

बाईंनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "सगळ्यांचं सारखंच आहे, बाळ."

"नाही मॅडम, आमच्या इकडं बारीक राह्यते."

शेजारची मुलगी खुदकन हसली. पंच बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मोठं दिसत असेल तर चांगलंच आहे ना? मग मार."

हे मला सुचलंच नव्हतं. मी मागं बघितलं. सर खुर्चीच्या टोकावर बसले होते, लाल फडकं दोन्ही हातांत धरून. मी पुन्हा रायफल उचलली. अर्धा श्वास सोडला, अर्धा ठेवला, तेल लावलेल्या बोटाला सांगितलं.

पुढच्या तासाभरातलं मला फार आठवत नाही. एवढंच आठवतं की मला सरकीचा वास येत होता, पुण्यात. आणि प्रत्येक टप्प भरीव येत होता.

गुणांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा सरांनी तो तीनदा वाचला. मग त्यांनी बोटं मोजली, डाव्या हाताची आणि उजव्या हाताची, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "दोन जास्त हायत."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहिजे होते त्याच्याहून दोन जास्त. अगं येडे, तू अमरावतीले जाऊन राह्यली!"

परतीच्या एसटीत सोबत आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, सर मात्र पिशवीतलं काहीतरी चाचपत होते. बुलडाणा मागं पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुले गोळा मोठा दिसला ना? खरंच दिसला?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून एक डबी काढून मांडीवर ठेवली. पुण्याच्या दुकानातून घेतलेला नवाकोरा स्टीलचा टेप होता.

आम्ही घरी न जाता स्टँडवरून तडक शेडमध्ये गेलो. सरांनी कार्डापासून टेप सोडला. मी निळ्या रेघेवर दुसरं टोक धरलं. सर वाकून आकडा बघत राहिले, इतका वेळ की मला वाटलं त्यांच्या पाठीत चमक भरली.

दहा मीटर नव्हतेच. पाऊण मीटर जास्त होता.

"चाचाले बोलाव," सर म्हणाले.

चाचा आले. टेप बघितला. विश्वास बसेना म्हणून त्यांनी आपला लोखंडी मीटर आणून टेपाशेजारी ठेवला. मीटर बरोबर होता, केसभरही फरक नव्हता. मग सर म्हणाले, "चाचा, तुम्ही तेव्हा मोजलं तसं पुन्हा एकदा मोजा."

चाचा खाली बसले. "बरकत," म्हणाले. मीटर टेकवला, त्याच्या टोकाला डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली, बोटांच्या पुढून मीटर पुन्हा टेकवला. "दोन." परत चार बोटं. "तीन."

आम्ही सगळे बघत होतो. आणि मला सांगायला हवं, तेव्हाही आम्हाला त्यात वावगं काही दिसलं नाही. चाचांच्या दुकानात कापड असंच मोजलं जायचं. प्रत्येक मीटरला गिऱ्हाइकासाठी चार बोटं जास्त. आमचे परकर, सरांची पँट, शाळेचे पडदे, सगळं तसंच मोजून आलेलं. आमच्या डोळ्यांनी ती चार बोटं मीटरातच धरली होती. सातव्या मीटरला पहिल्यांदा सरांनाच हसू फुटलं.

"चाचा! हात उचला! ते काय करून राह्यले?"

चाचांनी आपल्या हाताकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "या अल्ला," ते म्हणाले आणि तिथंच फरशीवर बसले. "सर, हे मी करत नाही. हे हातच करते." मग त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटी, दोन साल तुले लांबून मारायले लावलं मी. रोज रडत घरी जात होती तू, मी दुकानातून पाहत होतो. माह्या बोटांपायी."

बाबा तेवढ्यात बाजारातून टोपली घेऊन आले होते. कुणीतरी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. बाबांनी टोपली उतरवली, चाचांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चाचा, मी मिरच्या मोजतो अन् वरून मूठ टाकतो. त्यानं कधी कोणाचं वाईट झालं का? तुम्ही माह्या पोरीले वरून टाकलं. अवघड टाकलं, पण वरूनच टाकलं ना?"

सर म्हणाले, "पोट्टी लांबून शिकली म्हणून जवळून लागलं, चाचा. तुमच्या चार बोटांनी तिले कॉलेजात नेलं."

चाचांनी डोळे पुसले आणि हसलेही. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून त्यांनी सगळ्या शेडला जिलेबी आणली. मोजली नव्हती.

मी अमरावतीला गेले. हॉस्टेल मिळालं, ग्रंथालय मिळालं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तो कागद बाबांनी बाजारात नेला होता. मिरच्यांत खोचायला नाही, नुसता दाखवायला. कागदावर माझं नाव आहे, पण तो मिळवताना ज्यांनी मला मोजून दिलं आणि वर टाकलं, त्यांची नावं लिहायला तिथं जागा नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

साहेबांचं लेसरचं यंत्र 'बीप' झालं आणि मी भानावर आले. कार्डापासून पांढऱ्या रेघेपर्यंत दहा मीटर, बरोबर. आता इथं सायकलची रिम नाही, मोटारवर चालणारी कार्डं आहेत आणि कोट सहा आहेत. कबुतरं मात्र तीच असावीत, किंवा त्यांची नातवंडं.

"ही मागची निळी रेघ कशाची?" साहेबांनी विचारलं. पांढऱ्या रेघेमागं पाऊण मीटरवर निळीचे पुसट ठिपके उरले होते. "दोन रेघांनी घोटाळा होईल. पुसून टाका."

मी काही बोलायच्या आत भिंतीला टेकून उभी असलेली एक मुलगी पुढं आली. बारावीची असेल. "सर, ती नका पुसू ना," ती म्हणाली. "ती चाचाची रेघ हाय. आमची पहिली पाच कार्डं रोज तिथूनच असतात. मग पुढं येतो. खर्चे सरांनी लावलेली सवय हाय."

खर्चे सरांनी निवृत्त होईपर्यंत पोरींकडून हे करून घेतलं होतं, आणि मला कधी सांगितलं नव्हतं.

मग साहेबांना सगळी गोष्ट सांगावी लागली. गोष्ट पुण्याच्या कार्डापाशी आली तेव्हा ते इतके हसले की कबुतरं उडाली. डोळे पुसून म्हणाले, "ठीक आहे. स्पर्धेच्या दिवशी तिच्यावर सतरंजी टाका. पण अशी अर्धवट पुसलेली चालणार नाही. ठेवायची तर नीट ठेवा."

मुली शेजारी धावल्या. रशीदचाचा आले, नातवाचा हात धरून. दाढी आता छातीवर आली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. पण मीटर तोच होता, हाताळून हाताळून चकचकीत झालेला.

"कोण? मिरचीवाल्याची बेटी?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग साहेबांच्या दिशेनं वळून म्हणाले, "साहेब, तुमची मोजणी झाली ना? मग ठीक. मी मोजलं तर तुमचं यंत्र बिघडते."

त्यांना खाली बसवेना. त्यांनी मीटर माझ्याकडं दिला आणि खुर्चीवर बसले. मी कार्डाच्या खाली गुडघे टेकले. फरशी गार होती. एका मुलीनं निळीची वाटी आणि सुतळी आणली. दुसरी हसत म्हणाली, "मॅडम, बरोबर मोजजा हं, चुकलं पाहिजे!"

मी मीटर टेकवला. "बरकत," म्हणाले आणि टोकाला डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली.

चाचा खुर्चीतून पुढं वाकले. माझ्या हाताजवळ डोळे आणून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"तुह्यी बोटं बारीक हायत बेटी," ते म्हणाले. "पाचवंबी ठेव."